विळ्याची मूठ हातातून का निसटते? शेतातल्या धारदार अवजारांमध्ये मुठीला इतकं महत्त्व का आहे?

परभणी जिल्ह्यात ऑक्टोबर उजाडला की सोयाबीनच्या कापणीची घाई सुरू होते. शेंगा वाळून फुटायच्या आत रान मोकळं करावं लागतं आणि डोक्यावर परतीच्या पावसाची धास्ती असते. जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत मजुरांच्या टोळ्या एकराच्या हिशोबानं गुत्तं घेतात. गुत्तं म्हणजे जेवढं काम तेवढे पैसे. त्यामुळे हात जितका वेगानं चालेल तितकी कमाई जास्त.

या धावपळीत बोटं कापली जातात. एखाद्याच दिवशी नाही आणि एखाद्याच शेतात नाही. चिंधी बांधून काम पुढे चालू राहतं, म्हणून यातल्या बहुतेक जखमांची कुठेच नोंद होत नाही.

बाजारात विळा घेताना माणूस अंगठ्यानं धार बघतो, पात्यावर टिचकी मारून आवाज ऐकतो. मुठीकडे मात्र क्वचितच कुणी नीट बघतं. ती हलत नाही ना, एवढं पाहिलं की झालं. खरं तर विळा, कोयता, खुरपं, सुरी ही सगळी घडी न होणारी, कायम उघड्या पात्याची अवजारं. घडीचा चाकू मिटून खिशात जातो, यांची धार कायम बाहेरच असते. त्या धारेवर ताबा ठेवायला माणसाकडे एकच गोष्ट असते, ती म्हणजे मूठ.

हात नेमका कुठे निसटतो?

हे समजून घ्यायचं तर प्रत्येक अवजार कोणत्या दिशेनं चालतं ते बघावं लागेल.

विळा ओढला जातो. डाव्या हातात झाडांचा झुबका धरायचा, उजव्या हातानं विळा त्यामागे घालायचा आणि आपल्याकडे ओढायचा. जोर आपल्या दिशेनं असल्यामुळे उजवा हात पात्यावर जात नाही. तो निसटलाच तर मुठीच्या मागच्या टोकाकडे निसटतो. म्हणून जुन्या विळ्यांच्या मुठीचं मागचं टोक थोडं फुगीर असतं. करंगळी तिथे अडते.

मग विळ्यानं बोट कापतं ते कसं? बहुतेक वेळा कापतो तो डावा हात, झुबका धरणारा. अंगठा वर ठेवून झुबका धरला की करंगळी सगळ्यात खाली, म्हणजे पात्याच्या सगळ्यात जवळ असते. सोयाबीनचं वाळलेलं खोड टणक असतं. पातं त्यात शिरायच्या ऐवजी खोडावरून वर घसरलं तर ते थेट करंगळीवर येतं. आणि पातं घसरतं त्याचं कारण पुष्कळदा मुठीत सापडतं. मूठ अगदी गोल असेल तर ती तळहातात फिरते, पात्याचा कोन बदलतो आणि धार आडवी लागण्याऐवजी तिरकी लागते. मूठ लंबगोल असेल तर न बघताही हाताला कळतं की पात्याचं तोंड कुठे आहे. कुऱ्हाडीचा दांडा पूर्ण गोल का नसतो, याचंही उत्तर हेच.

कोयत्याचं काम वेगळं. तो ओढायचा नसतो, फेकायचा असतो. घाव घालताना कोयता हातातून बाहेर उडायला बघतो, म्हणून मागचं बोंड इथे विळ्यापेक्षाही महत्त्वाचं. परभणीतल्या सोनपेठ, गंगाखेड, पाथरी भागातून दर हंगामात अनेक कुटुंबं ऊसतोडीला जातात. या धंद्यात अवजाराचं नावच माणसाला मिळालं आहे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे आणि मोजदाद होते तीही कोयत्यांचीच. पण ज्या लाकडाच्या तुकड्यावर या जोडीचा दिवस अवलंबून असतो, त्याचा विचार करणारं फारसं कुणी नसतं. पहाटेच्या दवानं मूठ ओली असते, दिवस चढला की घाम येतो आणि उसाचा रस लागून हात चिकट होतात तो त्रास वेगळाच.

सुरी आणि चाकूचा धोका याच्या बरोबर उलटा. टोक खुपसताना जोर पुढे असतो. टोक हाडाला, गाठीला किंवा नारळाच्या करवंटीला अडलं की पातं जागेवर थांबतं, हात मात्र पुढे जात राहतो आणि मुठीवरून सरळ धारेवर जातो. हे टाळायला पातं आणि मूठ यांच्या मध्ये आडवा अडसर लागतो. तलवारीला असतो तसा. स्वयंपाकघरातल्या सुरीला असा अडसर नसतो, पण तिच्या पात्याची टाच मुठीपेक्षा खाली उतरलेली असते आणि तर्जनी तिथे अडते. फिनलंडमधल्या पारंपरिक ‘पुक्को’ चाकूलाही अडसर नसतो, कारण तो लाकूड तासायचा चाकू आहे, खुपसायचा नाही. मात्र तिथल्या स्काउटच्या मुलांसाठी बनवलेल्या पुक्कोला अडसर बसवलेला असतो. नेपाळी खुकरीच्या मुठीला मध्ये एक उंचवटा असतो आणि मागचं टोक पसरट असतं, कारण ती कोयत्यासारखी फेकून चालवतात.

महाराष्ट्रानं २०२४ मध्ये राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलेला दांडपट्टा हे या विचाराचं टोकाचं उदाहरण म्हणता येईल. त्यात मूठ पात्याला आडवी असते आणि सगळा हातच लोखंडी खोबणीत जातो. निसटायचा प्रश्नच येत नाही. अर्थात तो घेऊन सोयाबीन कापता येणार नाही.

घामानं पकड सुटते, मग लोक हातावर थुंकतात का?

कुऱ्हाड उचलायच्या आधी तळहातावर थुंकायची सवय गावाकडे सगळ्यांनी पाहिलेली असते. यात थोडं विज्ञान आहे. अगदी कोरडी, राठ कातडी लाकडाला नीट चिकटत नाही. किंचित ओलावा मिळाला की कातडी मऊ होते, मुठीवर जास्त भागात टेकते आणि पकड वाढते. पण ओलावा एका मर्यादेपुढे गेला की कातडी आणि लाकूड यांच्यामध्ये पाण्याचा थर तयार होतो आणि तोच वंगणासारखं काम करतो. थोडी थुंकी पकड वाढवते आणि घामाच्या धारा ती सोडवतात, त्यामागचं कारण हे असं एकच आहे.

मराठवाड्यातला उन्हाळा पाहता हा प्रश्न छोटा नाही. एप्रिल-मे महिन्यात परभणीचा पारा ४० अंशांच्या वर असतो. सोयाबीनची कापणी ‘ऑक्टोबर हीट’मध्ये येते. घाम आला की माणूस मूठ आणखी घट्ट आवळतो. घट्ट आवळल्यानं पुढच्या हाताचे स्नायू लवकर थकतात, थकले की पकड ढिली पडते आणि मग तो अजून आवळतो. दुपारनंतर हात जड होतो तो यामुळेही.

यावर लोकांनी आपापले उपाय काढलेले आहेत. सगळ्यात जास्त दिसणारा म्हणजे सायकलची जुनी ट्यूब कापून मुठीवर गुंडाळणं. उपाय चांगला आहे. रबर घसरत नाही आणि बारीक मूठ थोडी जाडही होते. फक्त ट्यूबखाली लाकूड तडकलं तर ते दिसत नाही, म्हणून हंगामाच्या सुरुवातीला ती सोडून एकदा आत बघावं. चिंधी किंवा सुतळी गुंडाळली तर सुरुवातीला बरं वाटतं, पण ती घाम पिते आणि ओली राहते. लोखंडी पाइप वेल्ड करून केलेली मूठ तुटत नाही हे खरं, पण ती गुळगुळीत असते, उन्हात तापते आणि घावाचा हादरा सगळा मनगटात उतरवते. पाइपच वापरायचा असेल तर त्यावर ट्यूब हवीच.

मूठ किती जाड असावी?

अमेरिकेतली कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी ‘नायोश’ ही सरकारी संस्था आणि कॅलिफोर्निया राज्याचा कामगार सुरक्षा विभाग यांनी २००४ मध्ये हातअवजारं निवडण्यासाठी एक मार्गदर्शिका काढली होती. जोर लावून करायच्या कामासाठी मुठीचा व्यास सव्वा ते दोन इंच, म्हणजे साधारण ३२ ते ५१ मिलिमीटर असावा, असं त्यात म्हटलं आहे. लांबी किमान चार इंच, शक्यतो पाच ते सहा इंच. मूठ आखूड असेल तर तिचं टोक तळहाताच्या मध्यभागी रुतत राहतं. तिथल्या नसा आणि रक्तवाहिन्या दबतात आणि बोटांना मुंग्या येतात.

त्याच मार्गदर्शिकेत आणखी एक गोष्ट आहे जी बाजारातल्या चकचकीत प्लॅस्टिक मुठींच्या अगदी विरोधात जाते. मुठीवर बोटांसाठी खाचा नकोत. खाचा दिसायला छान दिसतात, पण त्या एकाच मापाच्या हाताला बसतात. हात लहान किंवा मोठा असेल तर दोन खाचांमधला उंचवटा नेमका बोटाखाली येतो.

इथे खरा प्रश्न बायकांचा आहे. निंदणी, खुरपणी, कापणी ही कामं मराठवाड्यात मोठ्या प्रमाणावर बायकाच करतात. त्यांचा तळहात सरासरी पुरुषांपेक्षा लहान असतो. पण बाजारात विळा एकाच मापाच्या मुठीचा मिळतो. बोटं मुठीभोवती पूर्ण वळत नसतील तर तेवढंच काम करायला जास्त ताकद लागते. माप बघायची सोपी रीत अशी: मूठ नेहमीसारखी धरायची आणि अंगठा तर्जनीच्या शेवटच्या पेरावर येतो का बघायचं. अंगठा आणि तर्जनी यांच्यात फट राहत असेल तर मूठ जाड आहे. बोटांची टोकं तळहातात रुतत असतील तर बारीक. गावातला सुतार रंध्यानं किंवा कानशीनं पाच मिनिटांत मूठ उतरवून देतो, त्यासाठी नवा विळा घ्यावा लागत नाही.

मनगट वाकलं की पकडीची ताकद घटते, हाही मुद्दा यात येतो. खाली वाकून जमिनीलगत कापताना सरळ मुठीच्या विळ्यात मनगट मुरगळलेलं राहतं. मूठ पात्याच्या पातळीपेक्षा थोडी वर उचललेली असेल तर मनगट सरळ राहतं आणि बोटांची पेरं ढेकळांवर घासत नाहीत. काळ्या रानात भेगा आणि ढेकळं किती असतात हे तिथे काम केलेल्यांना सांगायची गरज नाही.

पातं मुठीत टिकतं कसं?

पात्याचा मागचा भाग निमुळता होत जातो आणि ती शेपटी मुठीत शिरते. गावठी पद्धतीत मुठीला आधी बारीक भोक पाडतात, शेपटी लालबुंद तापवून त्यात ठोकतात आणि ती आपली जागा जाळत आत जाते. तोंडाशी लोखंडी शेंबी बसवतात, म्हणजे लाकूड चिरत नाही. काही ठिकाणी भोकात लाख किंवा राळ वितळवून ओततात.

शेपटी किती आत गेली आहे हे बाहेरून दिसत नाही, आणि अवजाराचा भरवसा नेमका त्यावरच असतो. अर्ध्या मुठीपर्यंतच शेपटी असेल तर कोयत्याच्या घावाला ती पाचरीसारखी हलत राहते आणि भोक मोठं करते. शेपटी मुठीच्या आरपार नेऊन मागे वळवून ठोकली असेल तर पातं उडून जायची भीती जवळजवळ राहत नाही. तिसरा प्रकार म्हणजे मुठीच्या आकाराचीच सपाट पट्टी, तिच्या दोन्ही बाजूंना लाकडाच्या फळ्या आणि आरपार रिव्हेट. हा सगळ्यात मजबूत. ट्रेकिंगसाठी ऑनलाइन चाकू घेणाऱ्यांनीही हेच बघावं. पात्याचं पोलाद मुठीच्या मागच्या टोकापर्यंत दिसतं का, मूठ खरबरीत रबराची आहे का आणि पुढे अडसर आहे का. बाकी दातेरी पाठ, मुठीतला कंपास वगैरे गोष्टी फोटोत चांगल्या दिसतात.

मूठ ढिली झाली की विळा रात्रभर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायचा, हा घरोघरचा उपाय. सकाळी मूठ घट्ट बसलेली असते. पण हा उपाय काही दिवसच टिकतो, आणि पुढच्या वेळी मूठ आधीपेक्षा जास्त ढिली होते. असं का? लाकूड पाणी पिऊन फुगतं, पण आत लोखंड असल्यामुळे भोकाकडचे तंतू त्यावर दाबले जाऊन चेपतात. वाळल्यावर लाकूड आक्रसतं, चेपलेले तंतू मात्र पुन्हा उभे राहत नाहीत. दर वेळी भोक थोडं मोठं होत जातं. शिवाय आतली शेपटी गंजते ती वेगळीच. त्यापेक्षा सुक्या बाभळीची पातळ पाचर मारणं किंवा मूठच बदलणं बरं.

मुठीसाठी बाभूळ आणि धावडा ही लाकडं मराठवाड्यात मुरलेली आहेत. दोन्ही कठीण आणि हादरा सोसणारी. लाकूड ओलं असताना मूठ केली तर उन्हाळ्यात ती हमखास चिरते. तेल लावायचं असेल तर कोणतं लावायचं यालाही महत्त्व आहे. जवसाचं तेल हवेत सुकून घट्ट थर धरतं. करडईचं तेलही बऱ्यापैकी सुकतं, आणि परभणी भागात करडई काही नवी नाही. शेंगदाण्याचं किंवा एरंडाचं तेल मात्र सुकत नाही, ते चिकट-बुळबुळीतच राहतं आणि मूठ आणखी निसरडी होते. पातळ हात द्यायचा, चांगला पुसून घ्यायचा आणि दोन-तीन दिवस वाळू द्यायचं.

दातेरी विळ्यानं फरक पडतो का?

पडतो. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा ‘वैभव विळा’ भातशेतीत चांगलाच रुळला आहे. त्याच्या धारेला करवतीसारखे बारीक दाते असतात. दाते खोडात रुततात, त्यामुळे पातं वर घसरत नाही. ओढायला जोरही कमी लागतो आणि सारखं पाजवत बसावं लागत नाही. भातात जमिनीलगत कापणी करून खोडकिडीच्या अळ्यांचा बंदोबस्त करायलाही तो सुचवला जातो.

परभणीत १९७२ साली स्थापन झालेलं कृषी विद्यापीठ आहे, आजचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. तिथल्या आधीच्या गृहविज्ञान आणि आताच्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयात शेतकरी महिलांचे काबाडकष्ट कमी करणाऱ्या साधनांवर अनेक वर्षं काम झालेलं आहे. तरी गावच्या आठवडी बाजारात साध्या धारेचाच विळा जास्त दिसतो. दातेरी विळ्याची धार गेली की गावातल्या लोहाराला तो सहज पाजवता येत नाही, हे त्यामागचं एक व्यवहारी कारण. आणि दात्यांनी बोट कापलंच तर जखम सरळ नसते, फाटकी असते. म्हणजे हाही विळा बेफिकिरीनं चालवायचा नाही.

डाव्या हाताचं काय? सोयाबीनच्या शेंगांची टोकं बोचतात म्हणून अनेक बायका हातात जुने मोजे किंवा फडकं घालतातच. जाड सुती किंवा रबर लावलेला हातमोजा डाव्या हातात असेल तर ओझरता घाव कातडीपर्यंत पोचत नाही. उजव्या हातात जाड मोजा घालू नये. त्यानं मुठीचा अंदाज जातो आणि पकडही कमी होते.

बोट कापलंच तर?

बोटांच्या आतल्या बाजूनं, तळहाताकडून, बोटं मिटवणाऱ्या शिरा जातात. वैद्यकीय भाषेत त्यांना कंडरा म्हणतात. त्यांच्यावर तिथे मांस फार नसतं. त्यामुळे वरून लहान दिसणारी जखम आत कंडरेपर्यंत गेलेली असू शकते. ओळखायची खूण सोपी आहे. रक्त थांबल्यावर बोटाचं शेवटचं पेर स्वतःहून वाकवता येतं का आणि टोकाला स्पर्श कळतो का ते बघायचं. यातलं एकही जमत नसेल तर ती जखम टाके घालून मिटणारी नाही, शस्त्रक्रिया लागते. ती पहिल्या काही दिवसांत झाली तर बोट वाचायची शक्यता चांगली असते. महिना-दोन महिने गेले की कापलेलं टोक आत आक्रसून जातं आणि काम अवघड होतं. कापणी संपू दे, मग दाखवू, असं म्हणण्यात बोट कायमचं ताठ राहतं ते असं.

लगेच करायचं ते म्हणजे स्वच्छ फडक्यानं जखम घट्ट दाबून धरायची आणि हात वर ठेवायचा. रक्त थांबलं की स्वच्छ पाण्यानं धुवायची. हळद, चुना, तंबाखू, राख यातलं काही भरायचं नाही. डॉक्टरांना ते आधी काढावं लागतं आणि तोवर घाण आत गेलेली असते. बोटाला दोरी करकचून बांधायची नाही. तुकडा पडला असेल तर तो ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून, पिशवीत बंद करून ती पिशवी बर्फावर ठेवायची. तुकडा थेट बर्फात नको. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं हे दवाखान्यात सांगायचं. धनुर्वात गंजामुळे होतो हा समज चुकीचा आहे. त्याचे जंतू माती आणि शेणात असतात, त्यामुळे नव्या कोऱ्या चकचकीत विळ्यानं रानात झालेली जखमही तितकीच धोक्याची.

सरकारी मदत मिळते का?

राज्यात २०२३ पासून ‘गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना’ लागू आहे. अपघाती मृत्यूला २ लाख रुपये, दोन डोळे किंवा दोन अवयव गेल्यास २ लाख, एक डोळा किंवा एक अवयव गेल्यास १ लाख. ही योजना सातबारावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातला एक सदस्य यांच्यासाठी आहे. गुत्त्यानं दुसऱ्याचं सोयाबीन कापणाऱ्या भूमिहीन मजुराचं नाव सातबारावर नसतं. ताठ झालेली करंगळी ‘अवयव जाणे’ या चौकटीत बसवणंही सोपं नाही.

मळणी यंत्रासारख्या धोकादायक यंत्रांसाठी देशात १९८३ चा कायदा आहे. हातानं चालवायच्या विळ्या-कोयत्यांना तो लागू होत नाही. कायद्यात पात्याची लांबी-रुंदी मोजली जाते ती शस्त्र म्हणून. शस्त्र नियमांनुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू-सुऱ्या शस्त्रात मोडतात, मात्र घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा उद्योगाच्या कामासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळलेली आहेत. त्यामुळे कोयता घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्याला परवाना लागत नाही. एसटीनं जाताना मात्र पात्यावर उभा चिरलेला पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवून वरून गोणपाट गुंडाळलेलं बरं. पाइप नसेल तर जुन्या टायरची पट्टी दोरीनं बांधली तरी धार झाकली जाते.